बापाची साखर ठणठणीत, माझी ६.३. भाकरीनं खरंच फरक पडतो का?

माळवद | २२ डिसेंबर, रात्री ९:५०

राम राम मंडळी.

येळवस (वेळा अमावस्या, शेतातल्या पूजेचा सण) झाली. गावाकडं गेलतो, औसा तालुक्यात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी (डाळी-भाज्यांची मिसळ), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आंबील, सगळं यथासांग. मी सात उंडे खाल्ले, वर आंबिलीचे चार तांबे. वडील (वय ८१) शेजारीच बसले होते. दोन उंड्यांवर त्यांनी हात धुतला, "आता बास" म्हणले आणि शेताला चक्कर मारायला गेले. मी कोपीतच आडवा झालो.

आज ऑफिसच्या तपासणी शिबिराचा रिपोर्ट हातात आला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीए१सी ६.३, उपाशीपोटी साखर ११४. डॉक्टर म्हणले, "काठावर आहात. तोंड आवरा, चालत जा." आणि पुढच्याला हाक मारली. वडिलांची साखर मागच्याच महिन्यात गावात तपासली, एकदम नॉर्मल. बीपीची एक गोळी तेवढी चालू आहे.

आमच्या घरातल्या समद्यांचं एकच म्हणणं. वडिलांनी जन्मभर शाळूची (रब्बी ज्वारीची) भाकरी खाल्ली, मी १९९७ला नोकरीला लागल्यापासून चपातीवर आलो, म्हणून साखर आली. आई तर ठाम आहे: "गव्हानं वाटोळं केलं." बायकोला विचारलं तर ती नुसती हसली.

उगी अंदाजानं सल्ले नकोत म्हणून माझा दिवस लिहितो. सकाळी चहा दोन वेळा, खारी किंवा टोस्ट. डब्यात चार चपात्या आणि बहुतेक वेळा बटाटा नाहीतर पातळ वरण. चारला ऑफिसखाली चहा-भजी. घरी साडेसातला चहा. रात्री साडेनऊला दोन चपात्या आणि वर ताटभर भात. मग टीव्ही. चालणं म्हणजे स्कूटरपासून लिफ्टपर्यंत. वजन ६८, म्हणजे मी जाडा नाही, पोट तेवढं आहे. जन्म एप्रिल १९७३चा. म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळात मी आईच्या पोटात होतो. ती खडी फोडायच्या कामावर जायची आणि मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी खायची. हे आपलं सहज सांगितलं.

तर प्रश्न असा, भाकरी पुन्हा चालू केली तर जमंल का?

सोयाबीनवाला | २२ डिसेंबर, रात्री १०:२०

भाऊ, भाकरी चालू करा म्हणणं सोपं आहे, ज्वारी पेरणार कोण? आमच्याकडं खरिपाची पिवळी ज्वारी मी लहानपणी बघितली, आता सगळा शिवार सोयाबीन. शंभर-एकशे दहा दिवसांत पीक हातात, लातूरच्या अडतीत नगदी पैसा. ज्वारीला राखण लागते, पाखरं कणसं ठेवत नाहीत. काढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरीत ज्वारी जाते. पहिलं जनावरं होती म्हणून कडब्यासाठी तरी पेरायचो. आता दावणीला एक गाय.

त्यात रेशनला येतो गहू-तांदूळ. २०२३ पासून तो फुकट आहे. घरी फुकटचा गहू असताना विकतचा शाळू कोण घेणार? गरिबानं चपाती काय शौक म्हणून धरली नाही.

मोजमाप | २२ डिसेंबर, रात्री ११:०५

भाकरीवाल्यांना न आवडणारं लिहितोय, आधीच माफी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम, तंतू १० ग्रॅम. कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठात प्रथिनं साडेदहा, तंतू ११च्या वर. म्हणजे ज्वारी ही काही दैवी वस्तू आणि गहू राक्षस, असं आकडे म्हणत नाहीत. मैदा आणि पांढरा तांदूळ यांची गोष्ट वेगळी. तांदळात तंतू तीनाच्याही खाली येतात.

दुसरं, आज मुद्दाम घरच्या काट्यावर पीठ मोजलं. आमच्या एका भाकरीला ९० ग्रॅम लागलं, एका चपातीला ३०. "मी फक्त दोनच भाकरी खातो" म्हणणारा माणूस सहा चपात्यांचं पीठ खातो. भाकरीनं साखर वाढत नाही असं समजून तीन-तीन चेपणारे मी आमच्याच घरात बघितलेत, आणि त्यांचे रिपोर्टही.

माळवद, तुमच्या यादीत मला गव्हापेक्षा खारी, भजी, चार कप गोड चहा आणि रात्रीचा भातच जास्त दिसतो.

लेक_परभणीची | २३ डिसेंबर, सकाळी ६:४०

बायको का हसली ते मी सांगू?

"भाकरी चालू करायची" याचा अर्थ आमच्या भाषेत "तू तासभर लवकर ऊठ" असा होतो. चपात्यांची कणीक रात्री मळून ठेवता येते. भाकरीचं तसं नाही. एकेक भाकरीला पीठ मळायचं, थापायचं, पाणी लावायचं, आरावर शेकायची. चार माणसांच्या आठ भाकरी म्हणजे उन्हाळ्यात तव्यापुढं घामाची अंघोळ. आमच्या सासूबाईंनी पन्नास वर्षं केलं. त्यांचे खांदे आज वर जात नाहीत. आरोग्याच्या गप्पांत हा हिशोब कुणीच धरत नाही.

आणि एक. ही समदी चौकशी दादांच्या साखरेची चाललीय. वहिनींचं हिमोग्लोबिन कधी तपासलंय का? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. कारण सगळ्यात शेवटी जेवायचं. वरण संपलेलं, भाजीचा तळ उरलेला, मग ठेचा-भाकरी आणि वर कपभर चहा. चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही, हे मला बाळंतपणात नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा आणि पानात लिंबाची फोड घ्या, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. बाकी गोळ्या होत्याच.

माळवद | २३ डिसेंबर, सकाळी ९:१५

ताई, बोलती बंद केलीत. तपासलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय झालंय?"

उपकेंद्र | २३ डिसेंबर, दुपारी २:३०

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते, जिल्हा सांगत नाही. थोडं सुटसुटीत लिहिते.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५च्या पुढं मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे पुन्हा तेच, काठ. तुमचे दोन्ही आकडे काठावर आहेत. काठावरून पाय दोन्हीकडं जातो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं अशाच काठावरच्या ५३१ भारतीयांवर जवळपास तीन वर्षं अभ्यास केला, २००६ साली तो छापून आला. नेहमीसारखंच जगलेल्यांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. चालणं आणि खाणं बदललेल्यांत ३९ जणांना. म्हणजे सगळे वाचत नाहीत, पण फरक चांगलाच पडतो.

वजनावर जाऊ नका, टेपनं कंबर मोजा. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरून घेतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला मधुमेह-रक्तदाब विचारतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८०च्या वर गेली की गुण वाढतात. चारपेक्षा जास्त गुण झाले की तपासणीला आधी बोलावतात. गावात हे फुकट होतं. पण बायका येतात आणि पुरुष पारावर बसून "आम्हाला काय धाड भरलीय" म्हणतात. मग एक दिवस पायाची जखम दोन महिने भरत नाही म्हणून येतात.

तंबाखूचंही सांगते, कारण माळवद यांनी लिहिलं नाही. तुम्ही खात नसाल तर उत्तमच. आमच्याकडं पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी आणि म्हाताऱ्या बायकांच्या कमरेला मिश्री. मिश्री लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजतच नाही. फॉर्म भरताना "नाही" सांगते आणि बोटं काळी असतात. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, ती कशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. नुसत्या भाकरीनं तोंडाचा कॅन्सर थांबत नाही.

माळवद | २३ डिसेंबर, रात्री ८:१०

कंबर ९८ निघाली. शर्टाच्या मापानं मी स्वतःला ८८चा समजत होतो. तंबाखू २०११ला सोडली, त्यानंतर गोड चहा वाढला, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मुळासकट_बरा | २४ डिसेंबर, सकाळी ७:०२

*[प्रतिसाद काढला आहे. चूर्ण विकायला दुसरा बाजार शोधा. चालू असलेली गोळी बंद करा असं सांगणारा मजकूर या कट्ट्यावर एक मिनिटही ठेवला जाणार नाही. – राखणदार]*

गोदावरीपार | २४ डिसेंबर, रात्री १०:४५

मूळचा नांदेडचा, सध्या पोटापाण्यासाठी पुण्यात. वरच्या सगळ्या चर्चेत माळवदभाऊंनी "सहज" म्हणून लिहिलेल्या एका वाक्यावर कुणी थांबलं नाही, म्हणून लिहितोय. जन्म एप्रिल १९७३.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन, शेजारी शेजारी. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपला माणूस बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीदार. "वजन ६८, मी जाडा नाही" हे वाक्य वाचून मला तो फोटो आठवला.

याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की याची सुरुवात आईच्या पोटात होते. आईला पोषण कमी पडलं की बाळ जन्मतः बारीक होतं, ते स्नायूंत कसर करतं आणि चरबी मात्र राखून ठेवतं. शरीराची समजूत होते की बाहेर कायमचा दुष्काळ आहे. पुढं त्याच शरीराला खारी, भजी आणि खुर्ची मिळाली की गणित बिघडतं. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या उपासमारीत आईच्या पोटात असलेल्या लोकांची साखर पन्नाशीत तपासली, तर तीही इतरांपेक्षा चढी निघाली.

आता एका माणसाला बोट दाखवून "तुला बाहत्तरच्या दुष्काळानं साखर दिली" असं म्हणता येत नाही. पण तुमचे वडील आणि तुम्ही यांच्यात फक्त भाकरी-चपातीचा फरक नाही, एवढं नक्की. वडिलांचं शरीर वेगळ्या काळात घडलं आणि ते ८१व्या वर्षीही दोन उंड्यांवर थांबून बांधावर चक्कर मारतात. तुम्ही सात खाऊन आडवे झालात. (चिडू नका, मीही नऊ खाल्लेत.)

माळवद | २५ डिसेंबर, सकाळी ८:२०

हे वाचून आईला फोन लावला. बाहत्तर साली काय खायचीस म्हणून विचारलं. म्हणाली, "लाल मिलो. कुबट वास यायचा. भाकरी थापली की तुटायची. कामावर सुकडी मिळायची, ती तुझ्या थोरल्या बहिणीला ठेवायचे." मग जरा थांबून म्हणाली, "तू लई बारका होतास. वाचतोस का मरतोस असं झालतं."

बावन्न वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं.

टाळकरी | २५ डिसेंबर, सकाळी ११:००

माळवद बाप्पा, माउली सगळं बघून घेते, तुम्ही फक्त पाय चालवा. मी माळकरी, वय ६४, साखर बारा वर्षांपासून. दरवर्षी वारी पायी. वारीच्या दिवसांत साखर इतकी खाली येते की डॉक्टर गोळी कमी करतात, आणि घरी परतून महिना झाला की पुन्हा जागेवर. यातून जे समजायचं ते समजा.

दोन गोष्टी माझ्या चुकीतून. पहिली म्हणजे उपवास. माझ्या महिन्याला दोन एकादशा, एक चतुर्थी आणि सगळे सोमवार. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले पापड, राजगिऱ्याचे लाडू. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी साखर सगळ्यात जास्त! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट हो. आता मी भगर आणि दाण्याची आमटी घेतो, तीही वाटीभर, नाहीतर ताकावर राहतो. (गोळ्या चालू असणाऱ्यानं कडक उपास डॉक्टरला विचारल्याशिवाय धरू नये. एकदा कीर्तनात घाम फुटून खाली बसलो होतो, साखर ५८.)

दुसरी, पायाला मुंग्या. दोन वर्षं मी साखरेलाच दोष देत होतो. शेवटी तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व तळाला. मी अंडं-मटण खात नाही आणि मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होतं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या बऱ्याच थांबल्या. माळकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दूध-दही-ताक सोडू नका आणि तपासून घ्या.

घाण्यावरचा | २५ डिसेंबर, रात्री ९:३०

धागा धान्यावरच अडकला, तेलाकडं कुणी बघितलं नाही. आमचा लाकडी घाणा आहे, म्हणून माझ्या बोलण्यात माझा धंदा आहे हे धरून वाचा.

मराठवाडा हा करडईचा मुलूख. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं "परभणी कुसुम" सारखे वाण काढले. आमच्या आज्याच्या काळी घरची करडई, घरचं तेल, हिवाळ्यात करडईच्या कोवळ्या पानांची भाजी. काटे टोचतात म्हणून मजूर काढणीला यायचे नाहीत, भाव पडले, बाहेरून पामतेल आलं, करडई गेली. आता करडईचं तेल मागणारे शहरातून येतात.

पण खरं सांगू का, गिऱ्हाईक मला विचारतं "कुठलं तेल चांगलं?" आणि पाच जणांच्या घराला महिन्याला आठ किलो घेऊन जातं. माणशी अर्धा ते पाऊण किलो पुरे. माझी आजी तेलाची बुधली आणि बोटभर पळी वापरायची. भाजीला तवंग यायचा तो फक्त सणाला. तेल कुठलं हा प्रश्न नंतरचा. आधी किती ते बघा. भज्याच्या गाड्यावरच्या कढईतलं तेल किती दिवसांचं असतं हे मला विचारू नका, जेवण जाणार नाही.

जवस मात्र खा. माशांत असतात त्या जातीचे ओमेगा-३ मेद शाकाहारी माणसाला देणाऱ्या ज्या थोड्या वस्तू आहेत त्यात ती आहे. भाजून कुटूनच खायची, अख्खी गिळली तर जशी गेली तशी बाहेर पडते. आपल्या म्हाताऱ्या चटणी करायच्या ते उगाच नव्हे. कारळाचीही तशीच. फक्त मीठ हात राखून घाला. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर. ठेचा, लोणचं, पापड, चटणी धरली तर आपण ते न्याहारीतच संपवतो. माळवदभाऊंच्या वडिलांची बीपीची गोळी बहुधा तिथून आली असावी. भाकरी निर्दोष, पण भाकरीबरोबरचं तोंडी लावणं नाही.

मोजमाप | २६ डिसेंबर, सकाळी ७:५०

घाण्यावरच्यांना अनुमोदन. स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलणारा दुकानदार पहिल्यांदा भेटला.

लेक_परभणीची | २६ डिसेंबर, दुपारी १:१५

कोरड्यासावर (भाकरीबरोबरच्या भाजी-आमटीवर) कुणी बोलेना म्हणून मीच बोलते. पहिलं ताट आणि आताचं ताट यात भाकरीपेक्षा मोठा फरक माझ्या मते माळव्याचा (भाजीपाल्याचा) आणि डाळीचा आहे.

आई शेतातून येताना ओटीत घोळ, तांदुळजा, पाथरी, चिवळ घेऊन यायची. पैसे शून्य. पावसाळ्यात अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याची आणि करडईची भाजी, चाकवत, चुका. आता तणनाशक मारलेल्या रानात घोळ उगवत नाही आणि उगवली तर खायची भीती. घरात बाराही महिने बटाटा, फ्लॉवर, कोबी. डाळीचंही तसंच. आमच्या तुरीच्या मुलखात वरणात डाळ शोधावी लागते. हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, ज्वारीच्या कण्या, येसराची आमटी, हे आता पाहुणे आले तर "गावरान बेत" म्हणून होतं.

म्हणून मी घरात एकच केलं. भाकरी-चपातीचा वाद सोडला. ताटात आधी उसळ किंवा घट्ट वरण आणि भाजी वाढते, ती निम्मी संपल्यावर पोळी. नवरा कुरकुरला, पण पोट आधीच भरल्यामुळं आपोआप एक पोळी कमी झाली. नंतर कुठंतरी वाचलं की डाळ-भाजी आधी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी उसळते. मी काही वाचून केलं नव्हतं, गहू वाचवायला केलं होतं.

भाकरी आठवड्यात चार दिवस, फक्त संध्याकाळी, आणि त्यातले दोन दिवस नवरा थापतो. सुरुवातीला मराठवाड्याचा नकाशा यायचा, आता निदान तालुक्याएवढी गोल येते.

हो, आणि परभणीची म्हणून अभिमानानं सांगते, आमच्या विद्यापीठाची "परभणी शक्ती" नावाची ज्वारी आहे. २०१८ साली आली. किलोला लोह ४५ मिलिग्रॅम आणि जस्त ३२, नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त. बी मिळालं तर बांधावर दोन ओळी तरी लावा, सोयाबीनवाले दादा.

सोयाबीनवाला | २६ डिसेंबर, रात्री ९:००

बी मिळंल हो ताई, राखण कोण करणार ते सांगा. तुमचे ते भाकरी थापणारे दाजी पाठवा, गोफण देतो हातात.

(पण अर्धा एकर घरच्यापुरता शाळू यंदा टाकलाय. हुरड्याला या सगळे.)

उपकेंद्र | २७ डिसेंबर, सकाळी १०:३०

माळवद, तुमच्यासाठी तीनच गोष्टी सांगते, बाकी नंतर.

दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटं चाला. जिमची गरज नाही, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. जेवणानंतर पाय हलले की रक्तातली साखर स्नायू उचलतात. शिवाय आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं. चहातली साखर आधी निम्मी, मग पाव. आणि गूळ घातला म्हणून फसू नका, साखरेच्या बाबतीत गूळ तिचा सख्खा भाऊ आहे. आणि रात्रीचं जेवण आठच्या आत, झोप निदान सात तास.

मार्चअखेर पुन्हा तपासा. त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण ही तपासणी तीन महिन्यांचीच सरासरी दाखवते. वहिनींना घेऊन या. वडिलांनाही सांगा, लोणचं कमी.

माळवद | ३० मार्च, रात्री ९:२०

धागा वर काढतोय. तीन महिने झाले.

एचबीए१सी ५.९. उपाशीपोटी १०३. कंबर ९४. वजन ६५. म्हणजे काठावरच आहे, पण जरा अलीकडच्या बाजूला.

काय जमलं: रात्रीचा भात आठवड्यात दोनदाच. चहा दिवसाला दोन, पाव चमचा साखर. जेवणानंतर चालणं, यातली मोठी अडचण म्हणजे गल्लीतली कुत्री आणि "काय साहेब, वहिनींनी हाकललं का?" विचारणारे शेजारी. आता त्यातलेच तिघं बरोबर येतात. डब्यात उसळ आली. भजी बंद झाली असं म्हणणार नाही, शुक्रवारची ठेवलीय.

काय जमलं नाही: झोप. मार्चअखेरचं काम, अकरा वाजता घरी. ते पंधरा दिवस सगळं घसरलं, टोस्टसुद्धा परत आले. आठच्या आत जेवण हे नोकरदार माणसाला कागदावरच छान दिसतं. आणि वडिलांचं लोणचं. "ऐंशी वर्षं खाल्लं, आता काय म्हणून सोडू?" आईनं बरणी वरच्या फडताळात ठेवली, ते स्टूल घेऊन चढले. आता बरणी खाली आणि स्टूल आमच्या घरी.

सगळ्यात मोठी बातमी दुसरीच आहे. बायकोचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. वर्षभर तिला जिना चढताना दम लागायचा, आम्ही वय झालं म्हणत होतो. गोळ्या चालू आहेत, आता १०.६ आहे. ताई, तुम्ही त्या दिवशी तसं लिहिलं नसतं तर मी माझाच आकडा घेऊन बसलो असतो. आता आम्ही एकदम जेवायला बसतो, हे सांगायलाही लाज वाटते, कारण लग्नाला चोवीस वर्षं झालीत.

सोयाबीनवाल्या भाऊंकडून पन्नास किलो शाळू आणला. रविवारी आणि बुधवारी भाकरी मी करतो. तर आता प्रश्न भाकरीचा: पहिल्या आठवड्यात बऱ्या येत होत्या, आता थापायला घेतली की कडेनं चिरा पडायल्यात आणि उचलताना तुटायल्यात. हात बिघडला का काय?

लेक_परभणीची | ३० मार्च, रात्री ९:५५

आधी वहिनींना नमस्कार सांगा. गोळी जेवणाबरोबर चहा न घेता, विसरू नका.

पीठ कधी दळलंय?

माळवद | ३० मार्च, रात्री १०:०१

गुढीपाडव्याच्या आधी. दहा किलो एकदम दळून आणलं, सारखं गिरणीत कोण जातंय म्हणून.

लेक_परभणीची | ३० मार्च, रात्री १०:०६

मग हाताला बोल लावू नका, पिठाची विरी (चिकटपणा) गेली. ज्वारी दोन-दोन किलोच दळायची, आठ दिवसांत संपवायची. आहे ते टाकू नका, उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, निघतील. आणि गिरणीपर्यंत चालत जा.